पिवळ्या गुलाबाचा फोटो

वसंत आला की सुनेला फोटो काढायचं वेडच लागायचं. पानांवरचं दव, मुंग्यांची रांग, कुंपणावरची गोगलगाय, तिच्या मोबाइलमधून काही सुटायचं नाही. त्या सकाळी सासऱ्यांच्या पिवळ्या गुलाबाला पहिलं फूल आलं होतं. कलम लावून दोन वर्षं झाली होती. फुलाचं तोंड भिंतीकडे होतं, म्हणून उजेडासाठी तिने फांदी जराशी वाकवली. फांदी कटकन मोडली. घाबरून तिने फूल तसंच पानांत टेकवलं, पण फोटो तेवढा काढला आणि आत आली.

थोड्या वेळाने झाडांना पाणी घालून सासरे परतले ते मान खाली घालूनच.

"गुलाबाची फांदी मोडली गं माझ्याकडून," ते म्हणाले. "झारी लागली असणार. हात फार थरथरतो हल्ली. उद्यापासून पाणी तूच घाल."

तिने त्यांच्या हातातली झारी घेतली. दोन दिवस तिने पाणी घातलं आणि ते हात मांडीखाली दाबून खिडकीशी बसून राहिले. तिला घास गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "बाबा, हा फोटो काढताना फांदी मी मोडली. तुम्ही नाही."

त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"सांगायला दोन दिवस लागले तुला?" एवढंच म्हणून ते झारी घेऊन निघाले. अर्धं पाणी पायरीवरच सांडलं. तिने झारी धरायला हात पुढे केला, तशी त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.