सुस्काऱ्याची नोंद

आमच्या बोटीचं इंजिन माझ्या नवऱ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठं आहे, आणि सासऱ्यांचा दोघांवरचा जीवही साधारण त्याच क्रमाने आहे. सासऱ्यांना सगळे तात्या म्हणतात. या काठावरून त्या काठावर माणसं नेण्याआणण्याचं काम आमच्या घरात त्यांच्या वडिलांपासून चालू आहे. तात्या इंजिन सांभाळतात, नवरा सुकाणू धरतो, सासूबाई धक्क्यावरच्या खिडकीत बसून तिकिटं देतात. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि संध्याकाळी बोटीची वही लिहिते. कारण तात्यांचं अक्षर फक्त तात्यांना लागतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाही लागत नाही.

दर पाच वर्षांनी परवान्याची तपासणी होते. निरीक्षक स्वतः बोटीत बसतात आणि इंजिन एक तास न थांबता चालवून दाखवावं लागतं. यंदाची तपासणी शनिवारी होती. सोमवारी शेवटची फेरी झाल्यावर आम्ही सहज म्हणून तालीम केली; तालमीपुरते तात्याही वर आमच्याजवळ बसत. एक्कावन्नाव्या मिनिटाला इंजिनाने दोन उचक्या दिल्या, आवाज बारीक केला आणि ते नदीच्या मधोमध गप्प झालं.

तात्या खाली उतरले. त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी टाकीचं झाकण उघडून काठीने डिझेल मोजायचं, मग बाकीचं. टाकीवरचा काटा माझ्या लग्नाआधी मोडला; तेव्हापासून प्रत्येक फेरीनंतर ते काठी घालून बघतात.

"डिझेल आहे. निम्मी टाकी," ते खालून ओरडले. "झाकण उघडलं तर केवढा सुस्कारा टाकला हिने! दमलीय बिचारी."

मी वहीत लिहिलं : सोमवार, डिझेल शंभर लिटर, बंद पडण्याची वेळ एक्कावन्न मिनिटं. मग त्यांनी फिल्टरजवळचा स्क्रू सैल करून पाइपातली हवा काढली, कळ दाबली आणि इंजिन काही घडलंच नाही अशा थाटात सुरू झालं.

"पाइपात कुठूनतरी हवा शिरतेय," तात्या म्हणाले.

"तात्या, त्याचं वय झालंय," नवरा म्हणाला. "शनिवारी असं झालं तर परवाना गेला. त्यापेक्षा नवीन इंजिन बसवू. तुम्ही आता घरी आराम करा."

तात्यांनी हात पुसले. "शनिवारी हे बंद पडलं, तर मी पाना खाली ठेवीन. मग आण तुझं नवीन."

असं वाक्य आमच्या घरात यापूर्वी कोणी ऐकलं नव्हतं. धक्क्यावर आल्यावर सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी उद्याच्या तिकिटांसाठी समोर दोन माणसं उभी असताना खिडकी लावून घेतली.

मंगळवारी तात्यांनी टाकीपासून पंपापर्यंतचा प्रत्येक सांधा घट्ट केला. फिल्टर नवा घातला. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाण्याचा थेंब नव्हता, आणि त्याचा मला मनातून अभिमान वाटला. दोन आठवड्यांपूर्वी त्याच वाटीत बोटभर पाणी साचलं होतं. लाटांचं पाणी डिझेलमध्ये जातं कुठून ते मी शोधत बसले, आणि डेकवर बाकाखाली, दोरांच्या वेटोळ्यामागे एक उघड्या तोंडाची नळी सापडली. शाळेच्या प्रयोगशाळेतलं जुनं रबरी बूच तिला असं चपखल बसलं की जणू मापानेच केलंय. एवढ्याशा कामाचा गाजावाजा काय करायचा, म्हणून मी कोणाला सांगितलं नाही.

बुधवारी दुसरी तालीम. तात्यांचा नवा अंदाज असा, की टाकीच्या तळाचा गाळ ओढला जातोय, तेव्हा टाकी जास्त भरावी, म्हणजे तळ ढवळणार नाही. दीडशे लिटरपर्यंत भरली. इंजिन सव्विसाव्या मिनिटाला बंद पडलं.

"पुन्हा सुस्कारा," खालून आवाज आला. "लिहितेयस ना?"

"लिहितेय," मी म्हटलं, आणि फक्त आकडे लिहिले.

बोटीवरचा जनरेटर तेवढा स्वतःच्या छोट्या टाकीवर निमूटपणे फटफटत होता.

"बघा, कालचं पोर कसं शहाण्यासारखं चालतंय," नवरा म्हणाला.

"त्याला काम काय आहे? दोन दिवे लावायचे आणि एक पंप फिरवायचा. तुलाही लहानपणी एवढंच जमत होतं."

गुरुवारी इंजिनात डिझेल फवारणारे नोझल उतरवले, साफ केले, बसवले. शुक्रवारी तात्यांनी टाकी गळ्यापर्यंत भरली. आता हिला तक्रारीला जागाच ठेवत नाही, म्हणाले. इंजिन नवव्या मिनिटाला बंद पडलं. आम्ही धक्क्यापासून इतके जवळ होतो की सासूबाईंना खिडकीतून ओरडायची गरजही नव्हती.

"पाजा अजून!" त्या म्हणाल्या. "उद्या धक्क्यालाच बंद पडेल, म्हणजे ढकलत आणायला नको."

नवरा हसला. तात्या हसले नाहीत. ते थर्मासमधला चहा ओतायला गेले, तर नेहमीप्रमाणे झाकणातून गळून अर्धा चहा पिशवीत सांडलेला होता. त्यांनी पिशवी नदीवर झटकली आणि उरलेला चहा तसाच ठेवून दिला. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

शनिवारी शाळेला सुट्टी. निरीक्षक नऊला येणार होते. साडेसातला मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसले. शंभर लिटरला एक्कावन्न मिनिटं, दीडशेला सव्वीस, एकशे ब्याऐंशीला नऊ. जास्त पाजलं की लवकर मरतं, असं कुठलं इंजिन? मी आकडे उलटे मांडून पाहिले. टाकी दोनशे लिटरची. म्हणजे रिकामी जागा पहिल्या दिवशी शंभर लिटर, मग पन्नास, मग अठरा. मिनिटं रिकाम्या जागेच्या जवळजवळ निम्मी, तिन्ही वेळा. कागदावर तीन ठिपके काढले, पट्टी ठेवली. तिन्ही एका रेषेत आले.

डिझेलचा प्रश्नच नव्हता. वरची हवा संपत होती.

तात्या दाराच्या पायरीवर बसून एकेक पाना फडक्यात गुंडाळत होते. मी शेजारी बसले.

"तात्या, झाकण उघडताना नेमकं काय होतं?"

"सुस्कारा टाकते. सोमवारपासून घसा फोडून सांगतोय. तू लिहिलंस ना?"

लिहिलं नव्हतं. वहीत सुस्काऱ्याचा रकाना नव्हता.

"हवा आत जाते की बाहेर येते?"

त्यांनी डोळे मिटले, हात हवेत फिरवून झाकण उघडलं. "आत जाते. झाकण आधी हाताला ओढून धरतं, मग सोडतं."

मुलांना मी बारा वर्षं शिकवतेय, की तेलाच्या डब्याला दुसरं भोक पाडल्याशिवाय तेल का नीट येत नाही. इंजिन टाकीतून डिझेल ओढतं, तेवढीच हवा बाहेरून आत यायला हवी. नाही आली, तर वरची हवा विरळ होते आणि डिझेल मागे ओढून धरते; ती मुळातच थोडी असली तर लवकर. त्यासाठी टाकीला एक नळी ठेवलेली असते. डेकवर. उघड्या तोंडाची. फेऱ्यांच्या वेळी तात्या दर वीस मिनिटांनी झाकण उघडत होते, म्हणून दोन आठवडे कोणाला काही कळलं नाही.

"तात्या," मी म्हटलं, "बाकाखालच्या नळीला मी बूच लावलंय."

"कसलं बूच?"

"रबरी. पाणी जाऊ नये म्हणून. घट्ट बसलंय."

त्यांनी हातातला पाना मांडीवर ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. पाने पायरीवरून खणखणत खाली गेले.

"अगं, पाच दिवस मी तिच्या पोटाची चिरफाड करतोय," ते खोकत म्हणाले, "आणि नाक तू दाबून धरलंयस होय!"

सासूबाई बाहेर आल्या. "काय झालं?"

"काही नाही. आपली सून फार हुशार आहे. बूच चपखल बसवते."

पाने फडक्यात गोळा करून आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. बूच निघताना मी तो सुस्कारा पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकला. लांब होता, आणि थोडा रागावलेला. तालमीला वेळ उरला नव्हता. निरीक्षक गळ्यात घड्याळ अडकवून पायऱ्या उतरत होते.

इंजिन सुरू झालं. मी खाली तात्यांजवळ वही घेऊन बसले. नववं मिनिट गेलं. तात्यांनी बोट वर केलं; मी लिहिलं. विसाव्या मिनिटाला त्यांचा हात सवयीने काठीकडे गेला. मी तो धरला.

"उघडायचं नाही, तात्या."

"नुसतं बघतो गं."

"उघडलंत तर आतापर्यंतचं सगळं पुसलं जाईल. बूच काढून उपयोग झाला की झाकण उघडून, ते कळणारच नाही."

टाकीशेजारी बसून इतका वेळ झाकणाला हात न लावणं त्यांना इतक्या वर्षांत कधी जमलं नसावं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांवर बसून राहिले. सव्विसावं मिनिट गेलं. एक्कावन्नाव्याला त्यांनी श्वास घेतला तो सोडलाच नाही. मला वाटलं, आता यांनाच नळी लागणार. बावन्न. त्रेपन्न. इंजिन आपल्याच तंद्रीत होतं. साठाव्याला वरून निरीक्षकांचा आवाज आला, "बस्स, फिरवा धक्क्याकडे," आणि नवऱ्याने नको इतका लांब भोंगा वाजवला.

निरीक्षकांनी वही मागितली. ती त्यांनी नीट वाचली, जे मी धरून चालले नव्हते. शेवटच्या ओळीवर ते थांबले.

"'दोष : टाकीची हवेची नळी बंद. कारण : वही लिहिणारी.' वही कोण लिहितं?"

"मी," मी म्हटलं.

"सहसा लोक कारण म्हणून नदीचं पाणी लिहितात," ते म्हणाले, आणि सही केली. खाली एक अट घातली : नळीचं तोंड वाकवून खालच्या दिशेला करावं, म्हणजे पाणीही जाणार नाही आणि कोणाला बूचही सुचणार नाही.

"सोमवारी वाकवतो," तात्या म्हणाले. नवऱ्याने खाली जाऊन फडक्यातले पाने सोडले आणि भिंतीवर जागच्या जागी अडकवले. नवीन इंजिनाचं नाव त्याने काढलं नाही.

बूच माझ्याच खिशात होतं. तात्यांनी ते मागून घेतलं, उलटसुलट केलं आणि आपल्या गळक्या थर्मासच्या तोंडावर दाबलं. तिथेही ते चपखल बसलं. दुपारी चहाच्या वेळी थर्मास उलटा करून त्यांनी सगळ्यांना दाखवला. एक थेंब पडला नाही. मग ते बूच ओढायला लागले. आत राहिलेला कपभर चहा तोवर निवला होता. बूच हलेना. नवऱ्याने ओढून पाहिलं. शेवटी सासूबाईंनी थर्मास गुडघ्यांत धरला आणि तात्यांनी दोन्ही हातांनी ओढलं.

ते सुस्कारा टाकत निघालं.

"सूनबाई," तात्या म्हणाले, "हा तरी लिही."