कॉफी घ्या

रविवारची प्रार्थना आटोपून पाहुणे दारात आले, तेव्हा वफीकाची कॉफी तिसऱ्यांदा उकळून वर येत होती. वेलचीची, कडू, साखरेचा कणही नाही; मागणीच्या बैठकीत अशीच द्यायची. सांतियागोत येऊन वीस वर्षं झाली, पण कॉफी अजून माहेरच्या गावाची, बेत जालाचीच.

"आमच्या मातियाससाठी तुमची रुबा मागायला आलोय," एर्नान म्हणाले, आणि समोर आलेल्या पेल्याला न शिवता हात गुडघ्यांवर ठेवून बसले. होकार मिळेपर्यंत कॉफी प्यायची नाही, ही वफीकाकडची रीत मुलानं त्यांच्याकडून घोकून घेतली होती. बिचाऱ्यांनी पाण्याकडेही पाहिलं नाही.

"अहो, पाणी तरी प्या!" वफीका म्हणाली.

"नको बाई. पोरानं दम दिलाय. काही शिवलात तर लग्न मोडलं समजा."

"तीस वर्षांत माझं एक ऐकलं नाही," त्यांची बायको ग्लादिस म्हणाली, "आज बघा कसे शहाणे झालेत!"

होकार द्यायचा होता वफीकाच्या थोरल्या भावानं, ईसानं, बेत जालाहून फोनवर. नवरा गेल्यापासून शब्द देणारा तोच. फोन लागला नाही. पुन्हा लावला. तिकडं वीज गेली की सगळंच जातं. कॉफीवरचा फेस विरला.

"आई, पुढच्या रविवारी बोलावायचं का?" रुबा दारामागून पुटपुटली. पेला भरलेला ठेवून पाहुणे उठले, की तो नकारच.

वफीकाला आपल्या मागणीच्या दिवशीचं दार आठवलं. अशीच ती उभी होती, कान बैठकीकडे. कॉफी आजीनं केली, आईनं केली, तिनं केली. शब्द मात्र नेहमी बाहेर बसलेल्या पुरुषांनी दिला.

ती दारापासून बैठकीत परतली. नवऱ्याच्या खुर्चीत बसली. हाताला लागलेलं पीठ झटकावं तसे हात झटकले.

"कॉफी घ्या," ती म्हणाली.

एर्नाननी एका घोटात पेला रिकामा केला आणि डोळे मिटले. "विहीणबाई, साखर विसरलात का हो?"

सगळे हसत असताना फोन वाजला.

"वफीका, थांब, मी बोलतो त्यांच्याशी—"

"दादा, पेला रिकामा झाला."

पलीकडे ईसानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"कडू केली होतीस ना?"

"कडूच."

"मग झालं तर," ईसा म्हणाला. "दे, पोरीला दे फोन."