समुद्राची तीन तिकिटं

मी दुर्बीण बोलतेय. कुठल्या कारखान्यात माझा जन्म झाला, ते मला ठाऊक नाही. मला आठवते ती नागपूरच्या सीताबर्डीवरची काचेची शोकेस, आणि २००९च्या हिवाळ्यात तिथून मला उचलणारे संघदीपचे हात.

संघदीप गोंदियाच्या एका शाळेत शिक्षक. घरी बायको अल्का, सहावीतली साक्षी आणि आई कलाबाई. बिड्या वळून कलाबाईंनी त्याला शिकवलेलं. त्यांचं जग नागपूरच्या पुढे कधी गेलंच नव्हतं.

त्या वर्षी एकाच सुट्टीत दोन गोष्टी करायच्या ठरल्या. आधी नागझिऱ्याचं जंगल, मग रेल्वेने पुरी, समुद्र. जंगलात चौघं जाणार होती. पुरीची तिकिटं मात्र तिघांचीच काढली होती.

"मायचे गुडघे दुखतात. वाळूत कशी चालेल ती?" संघदीप म्हणाला.

"सांगितलं का त्यांना?" अल्काने विचारलं.

"जंगल पाहून येऊ, मग सांगतो."

त्यांचं हे बोलणं झालं तेव्हा मी टेबलावरच होते. आईला जंगल दाखवलं की समुद्राचं ओझं हलकं होईल, असा त्याचा हिशेब मला कळला होता.

जंगलात जीप थांबली. बांबूच्या बेटाआड एक रानगवा उभा होता, काळा, धिप्पाड, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. साक्षीने मला आजीच्या डोळ्यांना लावलं आणि कानाशी कुजबुजली, "आजी, हीच दुर्बीण आम्ही समुद्रावर नेणार आहोत. उद्या!"

"उद्या? कोण कोण?"

"मी, आई, बाबा."

कलाबाईंनी मला आणखी घट्ट धरलं. माझ्या रबरी कडांना ओल लागली आणि काचा आतून धुरकटल्या. रानगवा निघून गेला तरी त्या मला खाली घेईनात.

संघदीप खुशीत म्हणाला, "माय, दिसलं का नीट?"

"दिसलं ना बापा. सगळं दिसलं."

मी इतक्या लांबचं जवळ आणते, पण हातभर अंतरावरच्या त्या लेकाला मला काहीच दाखवता आलं नाही.

घरी आल्यावर त्याने चाचरत सांगितलं. "जा ना मंग," एवढंच म्हणून कलाबाई तांदूळ निवडायला बसल्या.

पुरीला संघदीप मला गळ्यात अडकवून किनाऱ्यावर बसून राहिला. दूरच्या होड्या पाहायला साक्षीने मागितलं तरच मला काढायचा. दुसऱ्या दिवशी जेवताना ती सहज बोलून गेली, "आजीला मी जीपमध्येच सांगितलं होतं." त्याचा घास हातातच राहिला. बाहेर येऊन त्याने घरी फोन लावला.

"समुद्र पाहिला काय?" कलाबाईंनी विचारलं.

"हो माय."

"मंग पाह्य ना. फोनवर कायले रडून राहिला?"

त्यानंतर तो दर सुट्टीला म्हणायचा, माय, चल पुरीला. त्या नाहीच म्हणायच्या. "गुडघे दुखतेत," असं सांगायच्या. आणि आता ते खरंच दुखत होते. जिना चढताना त्या मध्येच बसायच्या, तेव्हा तो तोंड फिरवून उभा राहायचा.

शेवटी २०१२ साली त्याने न विचारता चार तिकिटं काढली. अल्काने गुपचूप सासूचं लुगडं बॅगेत भरलं. किनाऱ्यावर एका बाजूने तिने आणि दुसऱ्या बाजूने संघदीपने कलाबाईंना धरलं, आणि थांबत थांबत तिघं ओल्या वाळूपर्यंत पोहोचली. मला त्यांनी हातही लावला नाही. समोर एवढं पाणी असताना माझं काय काम!

बराच वेळ गेल्यावर संघदीपने हळूच विचारलं, "माय, तू माझ्यावर रागावली होतीस का?"

"होती."

"आणि आता?"

"आताही आहो. पण तू काऊन मधात बोलून राहिला? पाणी पाहू दे."

त्या वाऱ्यात माझ्या फोकस जुळवायच्या स्क्रूत वाळू गेली आणि तो कायमचा अडकला. मी आता गोंदियातल्या त्यांच्या कपाटात पडून असते. दुरुस्तीवाल्याने मोडीत काढा म्हटलं, पण संघदीपने ऐकलं नाही. घरात सुट्टीचा विषय निघाला की कलाबाई अजून त्याला सुनावतात, "तिकिटं मोजून घेजो रे!" सगळे हसतात. तोही हसतो, आणि मग उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात जातो.

माझी एवढीच विनंती आहे. त्याच्या मागे कोणी जाऊ नका.