शनिवारचा कॉम्प्युटर क्लास

"मॅडम, तुमच्याकडे येणाऱ्या मुलींची लग्नं होतात का?"

हा प्रश्न निशिगंधाचा नव्हे, तिच्या मैत्रिणींचा. "नक्को डरू, विचार की," म्हणून त्यांनी तिला उभं केलं होतं. वर्गात आलेल्या मॅडम काचीगुडा भागातल्या सरकारी सल्ला केंद्रातल्या. शाळकरी पोरांच्या मनाचं तिथं फुकट बघतात.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "माझं झालं की. मी तर तिथं रोज जाते."

वर्ग हसला. निशिगंधाही हसली, आणि घरी जाऊन हट्ट धरून बसली की मला तिथं जायचंय. कारण पेपर हातात पडला की तिचे हात गार पडायचे, पाठ केलेलं सगळं पसार व्हायचं, आणि दहावी तोंडावर आलेली.

आई, म्हणजे जयवंताबाई, कशीबशी तयार झाली. गल्लीत मात्र सांगितलं, "पोरगी शनिवारी कॉम्प्युटरला जाते." तेव्हा कॉम्प्युटर म्हटलं की लोक सरकून जागा द्यायचे. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, वर भर घातली, "फार पुढं गेलीय."

निशिगंधाचे पेपर खरंच सुधारायला लागले. तेवढ्यात शेजारच्या वंदनाकाकूंकडे कॉम्प्युटर आला. काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, पेढे वाटले आणि चालू करायला बोलावलं ते निशिगंधाला. आई-अण्णा कौतुक बघायला हजर.

तिचे हात गार पडले. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे तिनं पाय जमिनीवर टेकवले, सावकाश श्वास सोडला.

"काकू, मला यातलं काही येत नाही. मी सल्ला केंद्रात जाते. परीक्षेची भीती वाटायची म्हणून."

आईचा पेढा तोंडातच राहिला. काकूंनी उगाचच कॉम्प्युटरवरचा रुमाल नीट केला, मग हळूच विचारलं, "आमच्या मृण्मयीला घेतील का गं? हल्ली खोलीबाहेर येत नाही. मी सगळ्यांना सांगते, अभ्यास करतेय."

घरी आल्यावर अण्णांनी चपला कोपऱ्यात भिरकावल्या. "झालं समाधान? आता बंद ते जाणं. लोक काय म्हणतील?"

"मी सांगते ना, क्लास संपला म्हणून," आई लगेच म्हणाली.

"संपला नाही," निशिगंधा म्हणाली. "मी ठरवलंय. दहावी होईपर्यंत दर शनिवारी जाणार, मृण्मयीला घेऊन. कुणी विचारलं तर खरं तेच सांगणार. आणि तुम्हाला फारच परेशानी होत असेल, अण्णा, तर मॅडम आईवडिलांनाही वेळ देतात."