हीटरमागची नळी

सकाळी तपासणीच्या खोलीतला हीटर बंद पडला म्हणून मी आधीच वैतागले होते. कुडकुडत पाण्याचं तापमान घेतलं, तर चार अंश. रोज पंधरा असतं. थर्मामीटर बिघडला असेल म्हणून दुसरा काढला. तोही चार. मग बाहेर जाऊन थेट टाकीत बुडवला.

चार.

आमच्या केंद्रात गावाला जाणारं पाणी ओझोन वायूने शुद्ध होतं. हे यंत्र उन्हाळ्यात आलं. थंड पाण्यात ओझोन जास्त वेळ टिकतो, पण जंतू मारतो सावकाश, त्यामुळे जास्त लागतो. त्यासाठी भिंतीवर तक्ता लावलाय. त्यात चार अंशांपुढचा आकडा पंधरापुढच्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. आणि आम्ही शहाणे दोन महिने पंधराची ओळ वाचत होतो. वर ‘ओझोन भरपूर उरतोय’ म्हणून साहेबांनी मात्रा कमी केली, तेव्हा मीच मान डोलावली होती.

नमुन्याचा नळ पूर्वी बाहेर होता. थंडीत बोटं बधिर व्हायची. बाबा इथेच चौतीस वर्षं ऑपरेटर होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांनीच नळी भिंतीतून आत घेतली आणि हीटरच्या मागून फिरवली. धार बारीक ठेवायची म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, हीही त्यांचीच शिकवण. तेव्हा नुसतं क्लोरीन होतं, तापमान वहीत लिहायचं आणि विसरायचं. सगळ्यांनी त्यांना दुवा दिला. पाणी हीटरमागे रेंगाळत, ऊब घेत नळाला येत होतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर रोज त्याच हीटरवर हात शेकत होते.

साहेबांना सांगितलं. त्यांनी हीटरमागे वाकून ती नळी बघितली. मग मात्रा वाढवली आणि पाणी उकळून प्या, असं गावभर कळवायला फोन लावला.

मला मात्र एकच घर दिसत होतं. भावाची चार वर्षांची मुलगी, आमची टिल्ली, पंधरा दिवस जुलाबांनी हैराण होती. गाल पार आत गेले होते. वहिनी आधी पाणी उकळायची. बाबांना ते लागलं. ‘माझ्या केंद्राचं पाणी, आणि माझ्याच घरात उकळतात?’ मीही वहिनीला हसले होते. म्हटलं होतं, ‘अगं, मी स्वतः तपासते ना.’ तिने त्या दिवसापासून पातेलं चढवलं नाही. डॉक्टरांनी पाणी कुठलं पिता विचारलं, तेव्हा मी छाती फुगवून उत्तर दिलं होतं. आठवलं आणि मला स्वतःचीच किळस आली.

घरचा फोन कुणी उचलेना. रजा टाकून घरी धावले. बाबा टिल्लीला मांडीवर घेऊन बसले होते, हातात पाण्याचा पेला.

“आज स्वतःहून पाणी मागतेय बघ,” ते म्हणाले.

“बाबा, ते देऊ नका.”

“का गं? आपलंच पाणी आहे.”

“हीटर बंद पडला आज. नळाला चार अंश आलं.”

त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. चौतीस वर्षं काढलेला माणूस. टिल्ली पेल्याला हात लावत होती, त्यांनी तो लांब धरला.

“नळी मी फिरवली होती,” ते म्हणाले.

“तपासत मी होते.”

वहिनी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. बाबांनी टिल्लीला तिच्याकडे दिलं, पेला मोरीत ओतला, स्वतः पातेलं भरून गॅसवर ठेवलं. त्याच्यापुढे उभे राहिले, पण काय करायचं ते त्यांना सुचेना.

“सूनबाई,” तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “किती वेळ उकळायचं असतं गं?”