मला उलटा धरून बघा

मी शंख बोलतोय. आधी मला खाली ठेवा. हातात धरणाऱ्यांवर माझा विश्वास राहिलेला नाही.

पेडण्यातल्या एका वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, तीस हात खोल काळ्या चिखलात मी पडून होतो. तिथे कधीकाळी समुद्र होता. माझ्यातली गोगलगाय मेली, पोटात गाळ भरला, गाळाचा दगड झाला. गोवा राज्य झाल्याचे फटाके वाजले त्याच आठवड्यात वाड्याची विहीर खणताना गंगाने मला काढलं आणि नुकत्याच लागलेल्या पाण्यात धुतलं.

मग विहीर कमिटीचे अध्यक्ष गोकुळदासबाबा आले. त्यांनी मला फुंकून पाहिलं. दगड फुंकून वाजतो होय? मग रीतीप्रमाणे वेढ्यांचं टोक खाली धरलं. तोंड डावीकडे आलं.

"वामावर्ती. सादो," म्हणाले आणि टाकून दिलं.

उचललं त्यांच्या मुलीने, विनोदिनीने. कॉलेज अर्ध्यावर सोडलेली. तिने माझे वेढे मोजले, साडेसहा. पट्टीने लांबी घेतली, ओठाच्या आतल्या घड्या मोजल्या, चित्र काढलं आणि सगळं तिच्या कॉलेजातल्या सरांना पाठवलं. उत्तर आलं : 'उजवा शंख. जात नवी असू शकेल. तपासून कळवतो.'

बाबांनी त्यातले दोनच शब्द वाचले. उजवा शंख. म्हणजे दक्षिणावर्ती, लाखात एक.

"बाबा, सर टोक वयर धरतात, तुमी खाला. तांचो उजवो तो तुमचो दावोच."

"कॉलेज सोडलें तुवें, आनी आमकां शिकयता? गावाक जेवण सांगलां."

कोकणी ही भाषा की बोली यावर दोन वर्षं घसा फोडलेली ही माणसं. एका शब्दाचे दोन अर्थ त्यांना कळले नसतील? मला संशय होताच. विहिरीजवळच्या देवळीत बसवताना बाबांनी माझं टोक वर केलं. तोंड बरोबर उजवीकडे.

शंख पवित्र, म्हणून विहीर पवित्र, म्हणून विहिरीला कुलूप, किल्ली बाबांच्या कमरेला. खणणाऱ्या गंगाने आता तिथलं पाणी काढायचं नाही. माझी जात सरांना अजून ठरवता आलेली नाही. गंगाची मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

जेवणाला सरही आले होते. विनोदिनीने चारचौघांत विचारलं, "सर, उजवा म्हणजे कसा धरून, ते सांगा ना."

सरांनी खांद्यावरची नवी शाल नीट केली. "श्रद्धेचा विषय आहे," म्हणाले.

रोज सकाळी दिवा लावताना विनोदिनी माझं टोक खाली करते. बाबा आंघोळ करून येतात आणि वर करतात.

गंगा घागर घेऊन समोरून झरीवर जाते. त्या दिवशी धुताना तिने मला ओंजळीत आडवं धरलं होतं. तोंडातला चिखल बोटाने काढत होती. तसं पुन्हा कुणी धरलं नाही.

तुम्ही या. बाबांचीच रीत पाळा : टोक खाली धरा आणि तोंड कुठे येतं ते सगळ्यांना दाखवा. मी साधा शंख आहे. एवढं कबूल करून घ्या आणि किल्ली मागा.