काचेतले बिल्ले

माझा नवरा, बाबनराव, तलावावरच्या शिडाच्या बोटींच्या क्लबचा एकतीस वर्षं सेक्रेटरी होता. कोष्ट्याचं पोर, फाटलेली शिडं स्वतःच शिवायचा. त्याचा एकच नियम होता. पाण्यात जाणाऱ्यानं फळीवरच्या खिळ्याचा आपला पितळी बिल्ला काढून गळ्यात घालायचा आणि परतल्यावर जागेवर टांगायचा. एक खिळा रिकामा असेल तोवर हा माणूस घरी येत नसे. भाजी तीनतीनदा गरम करताना मी त्या बिल्ल्यांना सवत म्हणायची.

तो गेला. क्लबच्या प्रेसिडेंट विक्रमसाहेबांनी बिल्ले घासूनपुसून फळीला चिकटवले, वरून काच बसवली आणि हॉलमध्ये स्मारक केलं. माणूस होता तेव्हा याच लोकांनी त्या फळीला 'बाबनची शाळा' म्हणून हसून घेतलं होतं.

पुढं त्याच्या नावानं शर्यत ठेवली. मला शाल, श्रीफळ देऊन पहिल्या रांगेत बसवलं. नात धनश्री शर्यतीत होती; तिचाही बिल्ला त्या काचेतच होता. दुपारी एकाएकी वारा उठला, बोटी भराभर काठाला लागल्या, आणि साहेबांनी माईक हातात घेतला.

"बाबनरावांनी पाण्यात एकही माणूस कधी मागे सोडला नाही!"

टाळ्या पडल्या. मी मागं वळून पाहिलं. पोरगी दिसेना.

"धनश्री कुठी हाय?" मी उभी राहून विचारलं.

"असेल इथंच, काकू. सगळे आलेत."

"कोनं मोजले?"

मोजायची फळी तर काचेत होती.

पलीकडच्या मासेमारांनी तिला आणलं. उलटलेल्या बोटीला ती तासभर चिकटून होती, ओठ निळे पडलेले.

"आजी, मले वाटलं, कोनीतरी येऊन राहिलं असन," ती म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हॉलमध्ये गेले आणि हातातलं श्रीफळ काचेवर हाणलं. तिचा बिल्ला खरवडून काढला, कमरेला खोचला. एकतीस वर्षं त्या सवतीवर उगीच जळले मी.

काल क्लबचं पत्र आलं. स्मारकाची विटंबना केल्याबद्दल मला फाटकात मनाई. खाली लिहिलंय, एक बिल्ला कमी भरतो, तो ताबडतोब परत करावा.

बिल्ले मात्र त्यांनी बरोब्बर मोजले.